कमिशनच्या लिंकमागचा हिशेब

"घरबसल्या कमाई करा. लिंक पुढे पाठवा, कमिशन मिळवा." असा निरोप आज आपल्या वस्तीतल्या मुलांच्या मोबाईलवरही येतो. नोकरीसाठी वणवण करणारा मुलगा आईला म्हणतो, "मी कुठे जुगार खेळतो? मी फक्त लिंक पाठवतो." आईलाही ते पटते. म्हणूनच या धंद्याचा हिशेब आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे मांडत आहोत.

ऑनलाईन कॅसिनो म्हणजे मोबाईलवरचा जुगाराचा अड्डा. त्याला गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला 'ॲफिलिएट' असे भारदस्त नाव आहे. आपल्या भाषेत दलाल. त्याला एकतर गिऱ्हाइकामागे ठरावीक रक्कम मिळते, नाहीतर गिऱ्हाईक हरेल त्यात टक्केवारी. समजा, टक्केवारी ३० आहे आणि मित्राने १०,००० रुपये घालवले, तर ३,००० दलालाचे. म्हणजे ही कमाई मित्राच्या घरच्या पिठामिठाच्या पैशांतून येते!

बरे, तेवढी तरी सरळ मिळते का? हिशेबाची वही कॅसिनोच्याच हातात असते. फसवणुकीच्या वाटा ठरलेल्या आहेत. आलेली गिऱ्हाइके यादीतून गाळायची. करार मागाहून बदलायचा आणि तो जुन्या गिऱ्हाइकांनाही लावायचा. गिऱ्हाईक जिंकले तर दलालाच्या नावावर उणे बाकी दाखवून ती पुढच्या महिन्यात ओढायची. दरमहा नवी गिऱ्हाइके आणली नाहीत तर टक्का कमी करायचा. 'बोनस' आणि 'इतर खर्च' म्हणून हवी तेवढी कपात करायची.

जिथे हा धंदा कायदेशीर आहे तिथले जाणते दलाल आपली वेगळी वही ठेवतात. लिंक किती जणांनी दाबली, नावे किती नोंदली, पैसे किती जणांनी भरले, हे ते रोज टिपतात. लिंक दाबणारे तेवढेच आणि नोंदी एकाएकी निम्म्या, तर संशय घेतात. ओळखीच्या माणसाला आपल्याच लिंकवरून नाव नोंदवायला लावून ते यादीत येते का, हे पाहतात. कराराची तारखेसह प्रत जपून ठेवतात.

पण फसवला जाणारा दलाल स्वतःही फसवू लागतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली हे उघड झाले. पत्नीच्या आजारपणात कर्जबाजारी झालेल्या माणसाने कॅसिनोत जिंकून कर्ज फेडले, अशी बनावट बातमी दलालांनी पसरवली होती. तिथल्या जाहिरात नियंत्रण संस्थेने चार कंपन्यांना त्यासाठी जबाबदार धरले. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती स्वतःच्या आणि दलालांच्या संकेतस्थळांवर दिल्याबद्दल आणखी एका कंपनीला त्याच वर्षी ३ लाख पौंड दंड झाला. तिथे दाद मागायला जागा तरी होती.

आपल्याकडे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची त्यात तरतूद आहे. मग बुडालेले कमिशन मागायला आपला मुलगा कोणत्या तोंडाने पोलिसांत जाणार? परदेशी बसलेला मालक हे पुरते ओळखून असतो.

माता-भगिनींनो, आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला जवळ बसवा. रागावू नका. एवढेच विचारा, "बाळा, हे कमिशन कोणाच्या हरण्यातून येते?" हिशेब त्याचा त्यालाच मांडू द्या.