दवाखान्याचा उतारा



साखर कारखान्याचे मोठेपण चिमणीच्या उंचीवर ठरत नाही, हे आपणांस सांगावयास नको. वार्षिक सभेत आपला पहिला प्रश्न असतो तो उताऱ्याचा. गाळप किती झालं, उतारा किती बसला, काटा बरोबर आहे ना? आकडा पटला नाही तर आपण अहवाल पुढ्यात घेऊन उभे राहतो. पण घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की ज्या लहानशा नर्सिंग होमकडे आपण रातोरात धावतो, त्याचा उतारा आपण कधी विचारतो का? इमारत बघतो, फरशी बघतो, दारात गाड्या किती ते बघतो आणि पेशंट आत सोडतो.

हे लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. मागे एका हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्यांवर नऊ-दहा वर्षांच्या पोराला पाचटातून निघालेला लाल विंचू डसला. मुकादम आणि आम्ही दोघेतिघे त्याला जीपमध्ये घालून एका खासगी दवाखान्यात घेऊन गेलो. नाव सांगत नाही, कारण सांगायचे आहे ते नावाविषयी नाही. इमारत तीन मजली, काचेचं दार, आत थंडगार. डॉक्टरांनी पाहिलं, दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. "सकाळपर्यंत उतरेल," म्हणाले आणि घरी गेले. घर दुसऱ्या गावी. रात्री वॉर्डात राहिला एक पोरगा. दिवसा तो खालच्या औषधाच्या दुकानात बसायचा.

मुलाला दरदरून घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या. त्याची आई घडीघडीला म्हणे, "दादा, लेकराचे हातपाय गार पडलेत, बघा की." तो म्हणे, "मावशी, सलाईन चालू आहे ना, झोपा आता." रात्रभरात कुणी नाडी धरली नाही, रक्तदाब पाहिला नाही. पहाटे पोरगा धापा टाकू लागला, तोंडाशी फेस आला. तेव्हा कुठे डॉक्टरांना फोन झाला आणि "मोठ्या दवाखान्यात न्या" असे उत्तर आले. आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या रंग उडालेल्या वॉर्डात एक सिस्टर खुर्ची ओढून खाटेशी बसली. दर अर्ध्या तासाने नाडी, श्वास, रक्तदाब पाही आणि कागदावर लिही. काही बदल दिसला की डॉक्टरांना उठवी. पोरगा वाचला.

खरे सांगायचे तर दोष आमचाही होता. काचेचं दार पाहून आम्ही गप्प बसलो होतो. "रात्री इथं कोण असतं?" एवढं एक वाक्य आमच्या तोंडून निघालं नाही.

घाटाखालचा धडा

महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, आणि मुंबई-गोवा रस्त्याने पुढे गेलं की सावित्रीकाठचं महाड. आपल्यापैकी कित्येकांच्या सोयरिकी तिकडे आहेत. महाड म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, चवदार तळं आठवतं. पण वैद्यकाच्या जगात महाड-पोलादपूरचं नाव गेलं ते याच लाल विंचवामुळे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब शेतकरी घरातले. १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. त्या काळी लाल विंचू डसलेली माणसं, विशेषतः मुलं, पटापट दगावत. गंभीर रुग्णांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास जात. बावस्करांनी पेशंटजवळ थांबून काय आधी होतं, काय नंतर होतं याची नोंद ठेवली. आधी उलटी, घाम, गार पडलेले हातपाय. मग रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून माणूस गुदमरतो. म्हणजे मरण विंचवाच्या आगीने येत नव्हतं, हृदय थकल्याने येत होतं. या नोंदी १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित नियतकालिकात छापल्या गेल्या. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी वापरून पाहिली. तिचा अनुभव १९८६ साली तिथेच प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं.

आता यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट कोणती? गोळी महाग नव्हती, यंत्र मोठं नव्हतं, इमारत तर नव्हतीच. होतं ते पेशंटजवळ थांबणं, बघणं आणि लिहून ठेवणं. विषावरचा उतारा सापडला तो नोंदवहीत.

पुढे दोघांनी महाडलाच आपलं छोटं रुग्णालय चालवलं. तिथला एक हिशेब २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे दोन गट केले. ३५ जणांना नुसती प्राझोसिन दिली, ३५ जणांना तिच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ३२. हा आकडा मुंबईच्या बड्या इस्पितळाचा नव्हे, तालुक्याच्या गावचा आहे, आणि जगात कुणीही तपासावा म्हणून तो उघड छापला आहे.

आणखी एक गोष्ट. २०१३ साली एका तपासणी केंद्राने पेशंट पाठवल्याबद्दल बावस्करांना १२०० रुपयांचा चेक धाडला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नोंदवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चुका छापणारा डॉक्टर

दवाखान्याने आपला उतारा सांगावा ही मागणी आजची नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहरी डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ साली बारा खाटांचे लहानसे रुग्णालय काढले. सोडलेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं, हे ते शोधून काढीत. १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी पुस्तकात छापला आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका मांडल्या. आपल्या काट्याची चूक आपणच गेटावर फळा लावून सांगावी, तसला हा प्रकार. इतर डॉक्टर मंडळी रागावली. पण आज जगभर रुग्णालयांच्या दर्जाची जी तपासणी होते, तिच्या मुळाशी असलेल्यांत कॉडमन यांचं नाव घेतात.

आपण काय विचारावे?

सगळे डॉक्टर बावस्कर नसतात, आणि सगळे आमच्या त्या रात्रीच्या अनुभवासारखेही नसतात. लहान दवाखान्यात सगळं असावं असा हट्ट धरू नये. पण पुढील गोष्टी विचारायला शिक्षण लागत नाही.

१. रात्री कोण असतं? नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. दवाखाना तिथेच राहणाऱ्या पात्र डॉक्टरच्या किंवा पात्र परिचारिकेच्या ताब्यात असावा, ही अपेक्षा त्या कायद्यातच आहे. तेव्हा "सिस्टर शिकलेल्या आहेत का, डॉक्टर किती वेळात येतील?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

२. कागद कुठे आहे? खाटेशी तक्ता असतो. त्यावर नाडी, रक्तदाब, ताप कितीदा लिहिला ते पाहावे. रात्रीचे रकाने कोरे असतील, किंवा सकाळी एका दमात एकाच शाईने भरलेले असतील, तर समजून जावे.

३. अशा केसेस येतात का? वर्षात किती आल्या, किती बऱ्या झाल्या? नेमका आकडा नसला तरी प्रामाणिक डॉक्टर सरळ बोलेल. चिडणाऱ्यापासून सावध राहावे.

४. वीज गेली तर? ऑक्सिजन आणि जनरेटर कुठे ठेवलाय? जुलै २०२१ मध्ये महाड शहरात सावित्रीचं पाणी शिरलं ते आठवावं. तळघरातला जनरेटर पुराच्या दिवशी कामाचा नाही.

५. पुढे कधी पाठवता? आपल्या आवाक्याबाहेरची केस वेळेत ओळखून चिठ्ठीसह पुढे पाठवणारा दवाखाना चांगला. पहाटे फेस आल्यावर पाठवणारा नव्हे. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे, हे घरातल्या लेकरालाही पाठ असावं.

६. दाखला आणि दर कुठे लावलेत? नोंदणीचा दाखला दर्शनी जागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनदही लावावी लागते.

आणि विंचवापुरते सांगायचे, तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. घाम, उलटी, गार हातपाय ही धोक्याची घंटा आहे. दुखणं कमी झालं म्हणजे विष उतरलं, असं समजू नका. गोळी कुणी, किती द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. आपलं काम लवकर पोहोचवण्याचं आणि जागं राहण्याचं.

सभासदांस विनंती

पेशंट जीपमध्ये असताना चौकशी होत नसते. ती सवडीने करावी लागते. बॉयलर अग्निप्रदीपन आणि मोळीपूजन यांच्या मधल्या दिवसांत, कोप्या पडण्यापूर्वी, प्रत्येक गटातील चारदोन सभासदांनी जवळच्या दवाखान्यांत दिवसाउजेडी एक चक्कर टाकावी आणि हे सहा प्रश्न नम्रपणे विचारावेत. जिथे उत्तरं मिळतील, त्या दवाखान्याचं नाव गट कार्यालयात आणि मुकादमापाशी लिहून ठेवावं. तोडणीला आलेली माणसं या मुलखात परकी असतात. कुठे जायचं ते त्यांना आपणच सांगायचं असतं.

ती आई रात्रभर सांगत होती. पोराचे हातपाय गार पडलेत हे तिला कळलं होतं. ऐकायला तिथं कुणी असतं, तर पहाटेची ती धावपळ झालीच नसती.