माध्यम आणि विषय : मॉरिशसच्या शाळाव्यवस्थेतील मराठी

‘शाळेत मराठी आहे’ या विधानाचे दोन अर्थ होतात. मुले मराठीतून शिकतात, हा एक अर्थ; मुले मराठी शिकतात, हा दुसरा. पहिल्या अर्थाने मराठी हे शिक्षणाचे माध्यम असते, तर दुसऱ्या अर्थाने ती वेळापत्रकातील एक विषय असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, म्हणून त्यांतील भेद आपल्या सहसा लक्षात येत नाही. तो स्पष्ट व्हावा यासाठी या पाठात आपण हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या सार्वजनिक शाळाव्यवस्थेचा परिचय करून घेऊ. तेथील शाळेत मराठी आहे; पण ती केवळ विषय म्हणून.

१. बेट आणि तेथील मराठी समाज

मॉरिशसच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात अशी नऊ बेटे मावतील. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर तेथे नेले गेले. त्यांपैकी मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषकही होते. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला.

आज तेथील बहुसंख्य घरांत फ्रेंचपासून घडलेली क्रिओल भाषा बोलली जाते. वृत्तपत्रे प्रामुख्याने फ्रेंच भाषेत निघतात आणि शासनव्यवहार इंग्रजीत चालतो. मराठी वंशाच्या कुटुंबांसाठी मराठी ही मुख्यतः ‘पूर्वजांची भाषा’ आहे. मूल ती घरातून घेऊन शाळेत येईलच, असे गृहीत धरता येत नाही.

२. व्यवस्थेची रचना

आपल्याकडे १९६१ च्या कायद्यानुसार प्राथमिक शाळांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे आली. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, चौदा तालुक्यांच्या पंचायत समित्यांत गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक अशी ही उतरंड आहे. पाठ्यपुस्तके मात्र राज्यपातळीवर बालभारती तयार करते.

मॉरिशसमध्ये लोकनियुक्त जिल्हा परिषदेसारखा मधला स्तर या व्यवस्थेत नाही. शिक्षण मंत्रालय मुख्य बेटाच्या चार विभागांमार्फत शासकीय शाळा चालवते. त्यांच्या जोडीला शासकीय अनुदान घेणाऱ्या कॅथलिक संस्थांच्या शाळा आहेत. रॉड्रिग्ज या दूरच्या बेटाला मात्र २००२ पासून स्वतंत्र प्रादेशिक सभा आहे आणि तेथील शिक्षणाचा कारभार ती पाहते. शैक्षणिक कामांची विभागणीही ध्यानात घ्यावी. अभ्यासक्रम व शिक्षकप्रशिक्षण यांसाठी मॉरिशस शिक्षण संस्था आहे. परीक्षांसाठी स्वतंत्र परीक्षा मंडळ आहे. आणि मराठीसह भारतीय भाषांची पुस्तके व शिक्षकांची तयारी मोका येथील महात्मा गांधी संस्थेकडे आहे. भारत आणि मॉरिशस या दोन सरकारांच्या सहकार्याने १९७० मध्ये ही संस्था स्थापन झाली.

प्राथमिक शिक्षण सहा वर्षांचे असून त्याच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा होते. सातवी ते नववी हा पुढचा टप्पा; नववीच्या शेवटी पुन्हा राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. त्यानंतरच्या दोन्ही परीक्षा केंब्रिज विद्यापीठाशी संलग्न आहेत. सलग नऊ वर्षांच्या मूलभूत शिक्षणाची ही योजना २०१७ पासून अमलात आली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही निःशुल्क आहे.

३. माध्यमाचा प्रश्न

१९५७ च्या नियमांनुसार तिसरीपर्यंत मुलांना सोयीची वाटेल ती भाषा माध्यम म्हणून वापरता येते. चौथीपासून माध्यम इंग्रजी. प्रत्यक्षात अनेक वर्गांत पुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण क्रिओल वा फ्रेंचमध्ये आणि उत्तरपत्रिका पुन्हा इंग्रजीत, असा क्रम दिसतो. गणित, विज्ञान, इतिहास यांपैकी कशासाठीही मराठीची गरज पडत नाही.

४. मराठीचा तास

इंग्रजी व फ्रेंच सर्वांना अनिवार्य आहेत. त्यांच्याबरोबर हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी यांपैकी एक भाषा पालक मुलासाठी निवडू शकतात. २०१२ पासून या यादीत क्रिओलही आली. भाषेच्या तासाला एकच वर्ग विभागला जातो आणि मुले आपापल्या भाषेच्या शिक्षकाकडे जातात. हे शिक्षक सर्व विषय शिकवणाऱ्या वर्गशिक्षकांहून वेगळ्या संवर्गातील असतात.

या रचनेचा परिणाम सूक्ष्म पण दूरगामी आहे. भाषेला शासनमान्य शिक्षक, पुस्तक आणि तास मिळतो. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तिचे अस्तित्व दरवर्षी पालकांच्या निवडीवर अवलंबून राहते. मुले घटली की तासाचे समर्थन करणे अवघड होते.

५. गुण मोजायचे की नाही?

विषयाची प्रतिष्ठा परीक्षेतील त्याच्या स्थानावर ठरते. पूर्वी सहावीच्या प्रमाणपत्र परीक्षेतील क्रमवारीवर नामांकित माध्यमिक शाळेतील प्रवेश अवलंबून असे. या क्रमवारीत पौर्वात्य भाषांचे गुण धरावेत, अशी मागणी होती. अशी भाषा न घेणाऱ्या मुलांवर त्यामुळे अन्याय होईल, असा प्रतिपक्ष होता. १९९५ मध्ये पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या सरकारने त्यासाठी घटनादुरुस्ती मांडली. आवश्यक बहुमत मिळाले नाही, संसद विसर्जित झाली आणि डिसेंबरमधील निवडणुकीत सरकार पराभूत झाले. लहान मुलांच्या गुणपत्रिकेतील एका रकान्याने देशाचे सत्तांतर जवळ आणले. भाषेचा प्रश्न हा संधीच्या वाटपाचाही प्रश्न असतो, हे यावरून ध्यानात येते. दोन्ही बाजूंची चिंता आपल्या मुलांच्या प्रवेशाची होती.

६. आपल्यासाठी निष्कर्ष

विषय म्हणून शिकवलेली भाषा वाचता-लिहिता येते, सणासमारंभात वापरता येते, पूर्वजांशी नाते टिकवते. पण भाषेत नवे शब्द, नव्या संकल्पना, नवे व्यवहार भरतात ते तिच्यातून इतर ज्ञान घेतले जाते तेव्हा. हे काम माध्यम करते.

हा विचार दूरच्या बेटापुरता मर्यादित नाही. सेमी-इंग्रजी वर्गात गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते, तेव्हा त्या दोन विषयांपुरती मराठी माध्यमपदावरून खाली उतरते. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले. हा कायदा महत्त्वाचा आहे. मात्र तो मराठीला विषय म्हणून संरक्षण देतो, माध्यम म्हणून नव्हे. मॉरिशसमधील मराठी शिक्षक अल्प साधनांनिशी विषयाचा तास राखून आहेत. आपल्या हाती अजून माध्यमही आहे. कोणते जपायचे हे ठरवण्यापूर्वी दोहोंतील भेद ओळखणे आवश्यक आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘माध्यम’ आणि ‘विषय’ या संकल्पनांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. मॉरिशस व अहिल्यानगर जिल्हा यांच्या प्राथमिक शाळाव्यवस्थेतील प्रशासकीय स्तरांची तुलना करा.
३. आपल्या गावातील शाळेत कोणता विषय कोणत्या भाषेतून शिकवला जातो, याची नोंद करून दहा ओळींत निष्कर्ष लिहा.