निळ्या डब्यातून वाचलेली वही

मंडळी, मागच्या महिन्यात आपल्या मंडळातले एक काका घर विकून काँडोत गेले. बेसमेंट आवरायला आम्ही दोघे-तिघे गेलो होतो. दिवाळी अंकांचे गठ्ठे, तीन कुकर, आणि एका खोक्यात निळ्या शाईने भरलेल्या वह्या. काका तरुणपणी कोकणात पवनचक्कीच्या कामावर होते. रोजचा वारा, कुठला बोल्ट गंजला, चक्की कधी थांबवली, सगळे तारखेनिशी. मुलगा म्हणाला, "बाबा, ब्लू बॉक्समध्ये टाकू?" (हा ब्लू बॉक्सही 1981 साली आपल्या किचनरमध्येच सुरू झाला, बरं का!) काका काही बोलले नाहीत. मी खोके गाडीत ठेवले.

भारतातल्या पहिल्या पवनचक्क्या 1986 च्या सुमारास रत्नागिरी, ओखा आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. एकेक फक्त 55 किलोवॉटची! आज एकटी चक्की तीन हजार किलोवॉटची असते. पण वारा कुठे किती, हे आधी कोणीतरी मोजावे लागते. पुण्याच्या वेधशाळेत 1948 साली रुजू झालेल्या अ‍ॅना मणी यांनी निवृत्तीनंतर हेच काम केले, आणि आकडे पुस्तकरूपाने छापले. म्हणून ते टिकले. वह्यांचे तसे नसते.

जुन्या नोंदींचा उपयोग काय, असे मुलाने विचारलेच. डेन्मार्कमध्ये गेडसर येथे योहानेस यूल यांनी 1957 साली 200 किलोवॉटची चक्की बांधली. दहा वर्षे चालून ती बंद झाली. पुढे तेलाचे भाव भडकले, आणि अमेरिकेच्या नासाला तिची मापे हवीशी झाली! सत्तरच्या दशकात ती पुन्हा चालवून मोजमापे घेतली गेली.

आपल्या कॅनडात, क्विबेकच्या काप-शा गावी, ताक घुसळायच्या रवीसारखी उभी चक्की आहे. उंची 110 मीटर. 1993 साली बंद पडली. पर्यटक फोटो काढतात. पण ती रोज कशी कुरकुरत होती हे लोखंड सांगत नाही, ते कामगाराच्या वहीतच सापडते.

खोके सध्या आमच्या जेवणघरात आहे, बेसमेंटच्या ओलीपासून लांब. येत्या रविवारी काका येऊन फोटोंमधली माणसे ओळखणार आहेत. मागे नावे पेन्सिलनेच लिहायची, बॉलपेनची शाई पुढे उमटते. तुमच्याकडेही अशा वह्या असतील तर घेऊन या. पोहे करणार आहे, तेव्हा आदल्या दिवशी फोन करा.