भरून घेतलेली आशा

माझ्या कपाटात साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. डबीच्या आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने लिहिलंय, ‘आशा-गुलजार-पंचम’. खाली गाण्यांची यादी, शुद्धलेखनाशी काडीमोड घेतलेली. यादीतल्या शेवटच्या ओळीपुढे कंसात एकच शब्द आहे : ‘अर्धे’.

अक्षर बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या एका दुकानदाराचं. मी तिथे वसतिगृहात राहत होतो आणि ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असलेलं ते दुकान आमच्या मेसच्या वाटेवर होतं. आज विशी-पंचविशीत असलेल्यांना ‘भरून घेणं’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. बाकीच्यांना ठाऊकच आहे. कोरी कॅसेट न्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची नावं लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी जायचं. भरताना वीज गेली तर गाणं आधी जड व्हायचं, मग म्हातारं व्हायचं, मग थांबायचं. वीज आली की दुकानदार तिथूनच पुढे भरायचा. माझ्या एका कॅसेटवर किशोरकुमार एका कडव्यात दोनदा म्हातारे होऊन दोनदा तरुण झालेत. मूळ गाणं नंतर ऐकलं तेव्हा तेच चुकीचं वाटलं.

तर ही ‘अर्धे’वाली कॅसेट. ती ज्या संग्रहाची नक्कल आहे त्याचं नाव ‘दिल पडोसी है’. गुलजारांचे शब्द, राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांचं संगीत, आवाज आशा भोसले यांचा. कुठलाही चित्रपट नाही, नायिका नाही, प्रसंग नाही. दोन तबकड्यांचा हा ऐवज ८ सप्टेंबर १९८७ रोजी, आशाबाईंच्या चोपन्नाव्या वाढदिवशी बाहेर आला. दोन तबकड्या साठच्या कॅसेटमध्ये मावत नाहीत. दुकानदाराने मावली तेवढी भरली, आणि ‘रात ख्रिसमस की थी’ हे गाणं भरता भरता टेप संपली. ते पुढे कुठे जातं हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. अंबाजोगाईच्या वसतिगृहात नाताळच्या रात्रीचं अर्धं गाणं ऐकून उरलेलं मनाने पुरं करायचं, हाही एक संगीताभ्यासच म्हणायचा.

आशाबाईंवर लिहिणारे ‘पुनरागमन’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतात. १९५७चा ‘नया दौर’ हे एक, १९८१चा ‘उमराव जान’ हे दुसरं, १९९५चा ‘रंगीला’ हे तिसरं, आणि १९९७चा ‘जानम समझा करो’ हे चौथं. गणपतीला निरोप देताना भटजी ‘पुनरागमनाय च’ म्हणतात, पण त्यासाठी आधी जावं लागतं. या बाई गेल्या कधी होत्या? जात-येत होता तो बाजार. कधी तो त्यांच्या दारावरून पुढे निघून जायचा, कधी दार ठोठावायचा. आणि बाजार पुढे निघून गेला असतानाच्या काळातली त्यांची सगळ्यात लक्षणीय वस्तू म्हणजे हीच, माझ्या कॅसेटवर अर्धी मावलेली.

१९८७ साली पंचमच्या दारावरची गर्दी पांगत चालली होती. निर्माते दुसरीकडे वळत होते. पुढच्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अशा माणसाने अशा वेळी, तिकीटबारीशी काही संबंध नसलेल्या गाण्यांच्या दोन तबकड्या कराव्यात, यात हट्ट आहे. याच तिघांचा ‘इजाजत’ही त्याच वर्षीचा. त्यातल्या ‘मेरा कुछ सामान’साठी आशाबाईंना आणि गुलजारांना, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेच तीन लोक, तेच वर्ष, तीच तब्येत. पण एका कामाला चित्रपटाचा टेकू होता आणि दुसऱ्याला नव्हता. टेकूवालं काम गाजलं. बिनटेकूवालं दर्दी लोकांपुरतं राहिलं, ‘चाललं नाही’ असा शेरा घेऊन.

या शेऱ्याशी माझं भांडण आहे.

चाललं नाही म्हणजे काय? दुकानातून अस्सल माल किती उठला, याचा तो हिशेब. पण ऐंशीच्या दशकात बीड जिल्ह्यात अस्सल माल घेत कोण होतं? पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. उत्तर भारतातला संगीताचा धंदा एचएमव्हीच्या एकहाती मक्त्यातून सुटून शेकडो लहान कंपन्यांच्या हाती कसा गेला, ते त्यात आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तबकडी जवळजवळ संपली होती, बाजार कॅसेटचा झाला होता. गुलशनकुमारांची टी-सिरीज याच लाटेवर वर आली. जुन्या गाण्यांवरचा हक्क एचएमव्हीकडे, म्हणून टी-सिरीजने तीच गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेतली. सोनू निगमची ‘रफी की यादें’ त्यातलीच. पण मॅन्युएलच्या पुस्तकातल्या कंपन्यांच्याही खाली एक पायरी होती. तिचं नाव ‘भरून मिळेल’. तिथे एका अस्सल कॅसेटच्या पोटी किती कॅसेटी जन्मल्या, याची नोंद ना कंपनीकडे, ना दुकानदाराकडे, ना अभ्यासकाकडे. रीतसर बोलायचं तर ती चोरी होती, आणि त्या चोरीत मीही भागीदार होतो. पण ऐकणारे कान खोटे नव्हते.

अंबाजोगाईला हे उतरवून घेणं नवं नव्हतं म्हणा. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ चाळीसेक फूट लांब कापडावर लिहिलं ते याच गावात. ती पासोडी अजून गावात आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’च्या पोथ्या गावोगाव उतरवल्या गेल्या. ग्रंथ किती ‘खपला’, हे कोणी मुकुंदराजांना विचारलं नाही. मजकूर कशावर उतरवून घ्यावा याची या गावाला लाज कधीच नव्हती.

आमच्या भागातला खरा पॉप गायक कोण, असं विचाराल तर उत्तर आशा भोसले नाही. प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाची गाणी त्यांची, भीमगीतं त्यांची. त्यांच्यामागून आनंद शिंदे. ‘नवीन पोपट’ने तर लग्नाच्या मांडवापासून सरकी पेंडीच्या दुकानापर्यंत सगळं व्यापलं होतं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांवर टोळीचं बिऱ्हाड असायचं, भांडी, कोंबड्या, पोरं. आणि पुढे चालकाच्या टेपवर शिंदे बापलेक. ही गाणी कोल्हापूर-सांगलीच्या फडांपर्यंत जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडी, टेप ताणून पातळ झालेल्या अवस्थेत, परत यायची. पुण्या-मुंबईच्या ज्या नियतकालिकांनी इंडिपॉपवर रकानेच्या रकाने लिहिले, त्यांनी या ‘पॉप’साठी शाई फारशी खर्चली नाही. असो. तो वेगळा लेख आहे आणि तो माझ्यापेक्षा अधिकारी माणसाने लिहावा.

आशाबाईंची पुढची वर्षं भराभर. ४ जानेवारी १९९४ला पंचम गेले. त्यांच्या पश्चात ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ची गाणी घरोघर वाजली. १९९५ला रहमानचा ‘रंगीला’ आला, तेव्हा आशाबाई बासष्ट वर्षांच्या होत होत्या. त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदीचं ‘बोलो ता रा रा’ आलं. गाण्याला चित्रपट लागत नाही, व्हिडिओ पुरतो, हे बाजाराला अखेर समजलं. १९८७ साली ते समजलं असतं तर! १९९६ला उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबर ‘लेगसी’ आली, खानदानी चिजांची, आणि ती ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेली. एकीकडे ही आणि दुसरीकडे ‘राहुल अँड आय’. या दुसऱ्या संग्रहात पंचमचीच गाणी नव्या ठेक्यांवर चढवलेली होती, आणि तिथून रिमिक्सवरचं खरं भांडण पेटलं.

या भांडणात मला सगळ्यात जास्त रस आहे तो संगीतकार खय्याम यांच्यात. जुन्या चालींशी खेळ नको, असं म्हणणाऱ्यांत ते होते. ऐकणाऱ्याला वाटेल, जुन्या पिढीची कुरकुर. पण हे तेच खय्याम, ज्यांनी ‘उमराव जान’साठी आशाबाईंना नेहमीच्या पट्टीच्या खाली उतरून गायला लावलं होतं. बाईंना ते आधी पटलं नव्हतं. गाऊन झाल्यावर स्वतःचाच आवाज त्यांना नवा वाटला. त्या आवाजाने त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार दिला. म्हणजे आशा भोसले या वाद्याची पट्टी बदलण्याचा सगळ्यात धाडसी प्रयोग ज्याने केला, तोच माणूस ठेका बदलायला विरोध करत होता. यात मला विसंगती दिसत नाही. खय्यामनी पट्टी बदलली ती नव्या चालीसाठी, शब्दाला जागा करून देण्यासाठी. रिमिक्समध्ये शब्दाची जागा ड्रम खातो. या मुद्द्यावर मी खय्यामांच्या बाजूचा आहे. पण पंचमच्या गाण्यांवर पहिला हक्क कोणाचा, असं विचारलं तर मी पुन्हा बाईंच्या बाजूला जातो. त्यांनी नवरा आणि संगीतकार एकाच दिवशी गमावला होता. त्यांनी ती गाणी कशीही गावीत.

१९९७च्या ‘जानम समझा करो’ने मात्र हा पेच सोडवला. गाणी नवी, संगीत लेस्ली लुईस यांचं. हरिहरनबरोबरच्या ‘कलोनियल कझिन्स’मुळे हे नाव आदल्याच वर्षी सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ठाऊक नसतं ते हे, की लेस्ली हा नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचा मुलगा. ‘शोले’तली नृत्यं पी. एल. राज यांची; त्यात हेलन ज्या ‘मेहबूबा मेहबूबा’वर नाचते ते गाणं पंचमने स्वतःच्या घोगऱ्या गळ्यातून काढलेलं. म्हणजे पंचमच्या आवाजावर ज्याने पावलं बसवली, त्याच्या मुलाने पंचमच्या पत्नीला नव्या पिढीसमोर उभं केलं. आपल्याकडची ‘नवी लाट’ बहुतेकदा जुन्याच वाड्याच्या मागच्या दारातून येते.

संग्रह चालला, एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. चौसष्टीची बाई तरुणांच्या वाहिनीवर दिसू लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईत गुलशनकुमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि त्याच ऑगस्टमध्ये तिकडे इंग्लंडात कॉर्नरशॉप नावाच्या गटाने, पंजाबी वंशाच्या तेजिंदर सिंगच्या गटाने, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं काढलं. विषय आशाबाईच, आणि त्यांच्या तबकड्या. गाणं ब्रिटिश यादीत साठाव्या क्रमांकावर अडकलं. मग नॉर्मन कुकने त्याचा ठेका वाढवला, आणि फेब्रुवारी १९९८मध्ये तेच गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. रिमिक्सने. खय्यामना हे कोणी सांगितलं होतं का, कोण जाणे. मला मोह आहे तो नावाचा. ब्रिमफुल म्हणजे काठोकाठ भरलेली. आमच्या दुकानाच्या पाटीवर तोच शब्द होता.

‘आप की आशा’ हे त्यानंतरचं प्रकरण. या वेळी बाईंनी चाली स्वतःच बांधल्या. आठ गाणी, शब्द मजरूह सुलतानपुरींचे. मजरूह मे २०००मध्ये गेले, त्यांचे हे अखेरचे शब्द. मुंबईत थाटाचा समारंभ झाला, प्रकाशन सचिन तेंडुलकरच्या हस्ते. आणि अभिप्राय? संमिश्र. कोणी कौतुक केलं, कोणी हात राखला. मला स्वतःला हा संग्रह चालीपेक्षा धाडसासाठी आवडतो. जवळजवळ साठ वर्षं दुसऱ्यांच्या चाली गळ्यातून काढलेल्या बाईने उतारवयात आपली पेटी उघडावी! २००५ला क्रोनोस क्वार्टेटबरोबर पंचमची गाणी त्या पुन्हा गायल्या, तबल्यावर झाकिर हुसेन. तोही संग्रह ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचला. बीडच्या बाजारात तोवर कॅसेटची दुकानं मोबाइलची झाली होती. गाणी ‘भरून’ तिथेही मिळत, पण आता मेमरी कार्डात.

२०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची, तर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली हवीत आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरायला हवी, अशी अट आली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्कही पक्का झाला. चांगला कायदा आहे. फक्त प्रत ही वस्तूच तोवर बाजारातून उठली होती.

‘दिल पडोसी है’ मी पुढे सीडीवर पुरं ऐकलं. ते नाताळचं गाणं माझ्या मनाने रचलं होतं तिकडे वळत नाही, दुसरीकडेच जातं. मूळ अधिक चांगलं आहे, हे कबूल.

बीड, परळी, माजलगाव, केज, आष्टी, कुठलंही गाव असो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून भरून घेतलेल्या कॅसेटींचा खोका निघाला असेल. टेपला बुरशी लागली असेल तर ती टाका, हरकत नाही. डबीतलं कार्ड मात्र काढून ठेवा. कोणत्या गावाने कोणत्या वर्षी काय मागून ऐकलं, याची दुसरी नोंद कुठेच नाही.