मेंदू आणि मानेच्या मणक्यांचे विकार : निदानात प्रतिमाचित्रणाचे स्थान

या पाठात आपण एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय या तपासण्या मेंदू व मानेच्या मणक्यांच्या विकारांत काय दाखवतात, काय दाखवत नाहीत आणि त्यांतली कोणती केव्हा करायची, हे पाहणार आहोत. वाचताना एक सूत्र लक्षात ठेवा : प्रत्येक तपासणी एखाद्या प्रश्नाचे उत्तर देते आणि तो प्रश्न रुग्णाला तपासूनच ठरतो. प्रश्न चुकला, तर महागातली महाग तपासणीही चुकीच्या वाटेला नेते.

१. तीन साधनांची ओळख

रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. त्यामुळे हाडे दिसू लागली, पण कवटीच्या आतला मेंदू साध्या एक्स-रेत दिसत नाही. ही अडचण गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने दूर केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. या कामासाठी हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सीटीत क्ष-किरण डोक्याभोवती फिरवून संगणकाच्या मदतीने पातळ कापांसारखी चित्रे तयार करतात. प्रत्येक ऊतीच्या घनतेला हाउन्सफील्ड एककात आकडा मिळतो : पाण्याला ०, हवेला उणे १०००. ताज्या साकळलेल्या रक्ताचा आकडा मेंदूच्या ऊतीपेक्षा जास्त असल्याने ते पांढरे दिसते. हाड तर त्याहूनही पांढरे दिसते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी उत्तेजित करून त्यांच्याकडून परत येणारे संकेत टिपले जातात. मेंदू, मज्जारज्जू, चकती, अस्थिबंध अशा मऊ ऊती एमआरआयमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतात. मात्र तपासणीला वेळ लागतो आणि रुग्णाला स्थिर पडून राहावे लागते.

२. पक्षाघात : पहिला प्रश्न रक्तस्रावाचा

एखाद्याचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर त्याचे कारण दोनांपैकी एक असू शकते : मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे, किंवा ती फुटून रक्तस्राव झाला आहे. बाहेरून तपासून यातले नक्की कोणते, हे खात्रीने सांगता येत नाही. उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर त्याच्या जिवावर बेतेल.

म्हणून पहिली तपासणी साध्या सीटीची. ती काही मिनिटांत होते आणि ताजा रक्तस्राव दाखवते.

इथे नवशिक्यांची एक चूक नेहमी होते. सीटी नॉर्मल आला, म्हणजे पक्षाघात नाही, असे ते समजतात. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी सीटीचे उत्तर एवढेच असते, की रक्तस्राव दिसत नाही. लक्षणे स्पष्ट असतील तर औषध देण्याचा मार्ग याच उत्तराने मोकळा होतो. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात रक्तपुरवठा तुटलेला भाग फार लवकर दिसतो, पण त्यासाठी थांबून उपचाराला उशीर होता कामा नये.

हे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. म्हणून नातेवाइकांना पहिल्यांदा विचारा : "यांना शेवटचे ठणठणीत कधी पाहिले होते?" झोपेतून उठताना लक्षणे दिसली, तर झोपायला गेल्याची वेळ धरतात. हे उत्तर कोणत्याही यंत्रात मिळत नाही.

३. आकडी आणि मेंदूतील लहान कडे

भारतात आकडी आलेल्या तरुण रुग्णाच्या स्कॅनमध्ये रंगद्रव्य दिल्यावर अनेकदा एक लहानसे चमकणारे कडे किंवा ठिपका दिसतो. हे काय असेल? क्षयाची गाठ, पट्टकृमीच्या अळीमुळे होणारा सिस्टिसर्कोसिस की अर्बुद? एकेकाळी अशा अनेक रुग्णांना केवळ चित्रावरून क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिली जात.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील चांडी आणि राजशेखर यांनी अशा गाठींचे तुकडे काढून तपासले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गाठी सिस्टिसर्कोसिसच्या निघाल्या. त्यावरून त्यांनी निदानाचे निकष मांडले. चित्रात एकच गाठ असावी, ती २० मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी आणि भोवतालच्या सुजेमुळे मेंदूची मध्यरेषा सरकलेली नसावी. रुग्णाला आकडी आलेली असावी, पण कवटीतील दाब सतत वाढल्याची लक्षणे, वाढत जाणारा लुळेपणा किंवा शरीरात अन्यत्र सक्रिय आजार नसावा.

या निकषांची रचना नीट पाहा. अर्धे निकष चित्राचे आहेत, अर्धे रुग्णाचे. कड्याच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला, तर सिस्टिसर्कोसिसच्या निदानाला मोठे बळ मिळते. निकष जुळले, तर आकडीचे औषध चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. बऱ्याच गाठी लहान होतात किंवा नाहीशा होतात. गाठ वाढत असेल, तर निदानाचा पुन्हा विचार करावा लागतो.

४. मान : हाड, मज्जारज्जू आणि हालचाल

अपघातात मानेला मार लागल्याची शंका असेल, तर मान स्थिर ठेवूनच रुग्णाला हलवा. अस्थिभंग शोधायला सीटी उत्तम. साधा एक्स-रे काढला, तर सातही मणके आणि त्यांच्याखालचा पाठीचा पहिला मणका दिसलाच पाहिजे. खांद्यांमुळे खालचे मणके झाकले जातात आणि तिथला अस्थिभंग नजरेतून सुटतो. हाडे शाबूत असूनही हात-पाय लुळे असतील, तर एमआरआय करा. विशेषतः लहान मुलांत एक्स-रे आणि सीटी नॉर्मल असतानाही मज्जारज्जूला इजा झालेली असू शकते.

कधी पहिला मणका दुसऱ्यावरून घसरतो. रुग्ण उताणा झोपलेला असताना तो जागेवर परतलेला असू शकतो, त्यामुळे एमआरआयमध्ये घसरण दिसत नाही. शुद्धीवरच्या, सहकार्य करणाऱ्या रुग्णाला स्वतः मान वाकवायला व मागे न्यायला सांगून बाजूने काढलेले साधे एक्स-रे ती उघड करतात. प्रौढांत या दोन मणक्यांमधले पुढचे अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर शंका घ्यावी. म्हणजे इथे सर्वांत स्वस्त तपासणी कामी येते. ताज्या दुखापतीत किंवा बेशुद्ध रुग्णात मात्र मान अशी हलवू नका.

याउलट, काहीही त्रास नसलेल्या पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्येही चकती फुगलेली दिसू शकते. म्हणून अहवाल वाचण्याआधी रुग्णाला विचारा : शर्टाची बटणे लावता येतात का? चालताना तोल जातो का? लघवीवर ताबा आहे का? लक्षणे आणि मज्जारज्जूवरचा दाब जुळले, तरच त्या चकतीला दोष द्या.

५. तपासणीआधी

एमआरआयचे चुंबक नेहमी चालू असते. पेसमेकर, डोळ्यात गेलेला लोखंडी कण, मेंदूतील जुनी क्लिप यांची चौकशी आधीच करा. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर त्या खोलीत कधीही नेऊ नका. सीटीसाठी गरोदरपण, तर रंगद्रव्य देण्याआधी मूत्रपिंडाचे विकार आणि ॲलर्जी विचारा. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते 'एमआरआय मेंदू' लिहू नका. लक्षण, कोणती बाजू, किती दिवसांपासून आणि तुमची शंका, हे सगळे लिहा.

सारांश

रक्तस्राव आणि अस्थिभंगासाठी सीटी, मेंदूच्या व मज्जारज्जूच्या मऊ ऊतींसाठी एमआरआय, मणक्यांच्या हालचालीतला दोष शोधायला साधा एक्स-रे. चित्र आणि रुग्ण जुळत नसतील, तर रुग्णाकडे परत जा आणि त्याला पुन्हा तपासा.

स्वाध्याय

१. उजवी बाजू लुळी पडून एक तास झाला आहे आणि सीटी नॉर्मल आहे. या उत्तराचा अर्थ काय?
२. आकडीच्या रुग्णातील एकाच लहान गाठीचे निदान करताना रुग्णाची कोणती माहिती हवी?
३. पहिल्या मणक्याची घसरण एमआरआयमध्ये का सुटू शकते?