१२० सामने हरलेला संघ तुमच्या हातात दिला तर?



आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न दरवेळी येतो. "सर, माणसं बदलणं परवडत नाही. आहेत त्यांच्यावरच भागवायचंय. मग मी नेमकं करू काय?" या प्रश्नावर भाषण देण्यापेक्षा मी एक खेळ खेळायला लावतो. व्हिडिओत तो धावता दाखवला होता, इथे जरा निवांत बघू. खेळ बेसबॉलचा आहे, पण घाबरू नका. क्रिकेट कळतं ना? मग पाच मिनिटांत हेही कळेल.

बेसबॉलमध्ये षटकं नसतात. एका संघाला ९ इनिंग मिळतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये ३ जण बाद होईपर्यंत बॅटिंग. म्हणजे सामन्याला एकूण २७ बाद. हे २७ म्हणजे तुमचं भांडवल, एवढं आत्ता लक्षात ठेवा. बॉल टाकणारा तो पिचर, मारणारा तो बॅटर, आणि चार बेस फिरून आला की एक रन.

आता सिम्युलेशन. अमेरिकेत हा छंद जुना आहे. हॅल रिचमन नावाच्या माणसाने १९६१ साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं, आणि त्या खेळाडूने त्या वर्षी प्रत्यक्ष जे केलं त्यावरून ते बनवलेलं असतं. तीन फासे टाकायचे. एका फाशावर १ ते ३ आले तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४ ते ६ आले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज सांगते त्या कार्डावरची कुठली ओळ वाचायची. म्हणजे लांब पल्ल्यात निम्मे निकाल बॅटरच्या हातात, निम्मे पिचरच्या. आज हेच सगळं कॉम्प्युटरवरही खेळता येतं.

यातली गोम अशी की कार्ड बदलत नाही. तुम्ही कितीही ओरडा, प्रेरणादायी व्हिडिओ दाखवा, दिवाळीला बोनस द्या, १९६२ सालच्या खेळाडूचं कार्ड १९६२ चंच राहणार. मग मॅनेजर म्हणून तुमच्याकडे उरतं काय? कोणाला कुठे उभं करायचं, कोणाला कधी वापरायचं आणि कोणाला कधी विश्रांती द्यायची. बस्स. म्हणूनच मला हा खेळ शिकवायला आवडतो. खऱ्या दुकानात आपण माणसाचा स्वभाव बदलण्यात वर्षं घालवतो, इथे तो रस्ताच बंद आहे.

संघ घ्यायचा १९६२ चा न्यूयॉर्क मेट्स. त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं. नव्या संघाला खेळाडू मिळावेत म्हणून लीगमधल्या जुन्या आठ संघांनी आपल्याला नको असलेल्यांची यादी पुढे केली आणि त्यातून निवड करायची होती. पहिले नऊ सामने हरले. पुढे एकदा सलग १७ हरले. वर्षाअखेर ४० जिंकले, १२० हरले. आणि मॅनेजर कोण, तर केसी स्टेन्गल! आदल्या काळात याच माणसाने न्यूयॉर्क यांकीजला १२ वर्षांत सात वेळा वर्ल्ड सिरीज जिंकून दिली होती. तोच माणूस, तीच अक्कल, फक्त समोर कार्डं वेगळी.

संघ हातात आला की बहुतेक जण लगेच बॅटिंगचा क्रम बदलायला घेतात. थांबा. आधी हा संघ किती वाईट आहे ते मोजा. 'वाईट आहे' हे मोजमाप होत नाही.

मेट्सने वर्षभरात ६१७ रन केले आणि ९४८ दिले. बिल जेम्स या आकडेतज्ज्ञाने एक साधं सूत्र दिलंय. केलेल्या रनचा वर्ग घ्या, आणि त्याला केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांच्या बेरजेने भागा. मेट्सचं उत्तर येतं साधारण ०.३०. म्हणजे १६० सामन्यांत ४८ विजय. प्रत्यक्षात मिळाले ४०. हा आठ सामन्यांचा फरक कुठून आला? थोडक्यात हुकलेले सामने, नको त्या वेळी झालेली चूक, आणि नशीब.

हे नीट पाहा. तुम्ही तोच संघ घेऊन काहीही न बदलता खेळलात तरी तुमची रास्त अपेक्षा ४८ ची आहे, ४० ची नाही. म्हणजे ४७ जिंकून "मी संघ सुधारला" म्हणून पेढे वाटू नका. आणि उलट बाजूने, असा संघ २० सामन्यांत सरासरी ६ जिंकतो, पण ४ आले काय किंवा ८ आले काय, त्यात विशेष काही नाही. फासे आहेत ते. माझ्या बॅचमध्ये दहाव्या पराभवानंतर सगळा संघ उलटापालटा करणारे जास्त असतात, आणि पुढच्या दहात जिंकले की श्रेय त्या उलटापालटीला देतात. एका मंद महिन्यावरून सेल्समन काढणारे आणि एका सणाच्या महिन्यावरून दुसरं दुकान घेणारे लोक हेच.

आता दुसरा आकडा. बेसबॉलमध्ये ढोबळ हिशोब असा की वर्षभरातल्या १० रनच्या फरकाला एक विजय. मेट्स ३३१ रनने मागे होते, म्हणजे निम्म्या सामन्यांपेक्षा ३३ ने खाली. हिशोब जुळतो. त्यामुळे तुमचं काम आता स्वच्छ आहे. चॅम्पियन व्हायचं नाहीये, वर्षभरात ५० रन शोधायचे आहेत. केलेले वाढवा किंवा दिलेले कमी करा, दोन्ही चालेल. ५० सापडले की पाच विजय.

सगळ्यात स्वस्त रन क्षेत्ररक्षणात असतात, आणि नेमकं तिथेच कोणी बघत नाही. कारण कार्डावर बॅटिंगचे आकडे मोठे दिसतात आणि क्षेत्ररक्षणाचा एक बारीकसा अंक असतो, १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे राम राम. मेट्सच्या त्या वर्षीच्या चुका २१० होत्या! पण मैदानावरच्या सगळ्या जागा सारख्या नाहीत. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये पिचरच्या कार्डावरून क्षेत्ररक्षकाकडे जाणारे बॉल सगळ्यात जास्त शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसकडे जातात, फर्स्ट बेसकडे फार कमी. त्यामुळे चांगले हात शॉर्टस्टॉप, सेकंड बेस आणि सेंटर फील्डला लावा, भले त्यांची बॅट मऊ असो. आणि चांगली बॅट पण लोण्याचे हात असलेला माणूस फर्स्ट बेस किंवा लेफ्ट फील्डला ठेवा.

मार्व्ह थ्रोनबेरी हा फर्स्ट बेसवाला त्या संघाच्या गोंधळाचं प्रतीक म्हणून आजही ओळखला जातो. पण त्याने १६ होमरनही मारले होते. त्याला संघाबाहेर फेकायची गरजच नाही. काउंटरवर तिरसटपणे बोलणारा पण हिशोबात पक्का माणूस आपण गल्ल्यामागून उठवून मागच्या टेबलावर बसवतो, तसंच हे.

त्याच जागेवर दुसरा माणूस होता गिल हॉजेस. ३८ वर्षांचा, गुडघ्याने थकलेला, पण एकेकाळचा मोठा खेळाडू. हॉजेस उजवा, थ्रोनबेरी डावा. साधारणपणे डावरा बॅटर उजव्या पिचरसमोर बरा खेळतो आणि उजवा बॅटर डाव्यासमोर. स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या प्रगत आवृत्तीत कार्डाच्या दोन बाजू असतात, डाव्या पिचरसमोरची वेगळी आणि उजव्यासमोरची वेगळी. दोन अर्धवट माणसांची एक बरी जागा करता येते ती अशी. स्टेन्गल यांकीजमध्ये असताना याच युक्तीसाठी प्रसिद्ध होता. आपल्याकडे मात्र एका जागेला दोघे म्हटलं की मालकाला वाटतं पगार वाया. अहो, दोघांचाही पगार तुम्ही आधीच देताय!

आता २७ बादांकडे येऊ. संघ कमकुवत असला की मॅनेजरला काहीतरी धाडसी करावंसं वाटतं. धावणाऱ्याला एक बेस पुढे सरकवण्यासाठी बॅटरचा बळी देणं, बेस चोरायला पळवणं वगैरे. चारातल्या तीन चोऱ्या यशस्वी होत नसतील तर पळू नका, एवढा साधा नियम ठेवा. कमी भांडवलवाल्याने बाद उधळायचे नसतात. त्यापेक्षा जो बाद होत नाही त्याला सगळ्यात जास्त वेळा बॅटिंग द्या. मेट्सकडे असा माणूस होता, रिची अ‍ॅशबर्न. कारकिर्दीचं शेवटचं वर्ष, ताकद संपलेली, पण शंभरदा बॅटिंगला आला तर ४२ वेळा बेसवर पोचायचा. तो पहिल्या क्रमांकावर. त्याच्यामागे फ्रँक थॉमस, ३४ होमरनवाला. अ‍ॅशबर्न बेसवर असताना थॉमसचा होमरन दोन रनचा होतो, तो बाद झालेला असेल तर एकाचा. होमरन तोच, किंमत दुप्पट.

एक सापळा सांगतो, कारण त्यात हमखास लोक पडतात. कार्डं चाळताना तुम्हाला असा एखादा खेळाडू दिसेल ज्याने वर्षात जेमतेम पंधरा-वीस वेळा बॅटिंग केली आणि त्यात सात-आठ फटके बसले. कार्ड बघून वाटतं, हिरा सापडला! स्टेन्गलला कसं दिसलं नाही? कार्ड खोटं नाही, पण ते पंधरा दिवसांच्या कामावरून बनलंय. म्हणून जाणकार लोक नियमच करतात की खेळाडूला प्रत्यक्षात जितकी बॅटिंग मिळाली तितकीच खेळात द्यायची. उलटंही पाहा. डॉन झिमर मेट्सकडून ५२ वेळा खेळून फक्त ४ फटके मारू शकला आणि मे महिन्यात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तेवढ्यावरून त्याची अख्खी कारकीर्द ठरत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पिचरचा भाग. रॉजर क्रेग आणि अल जॅक्सन हे दोघे मेट्सचे त्यातल्या त्यात बरे पिचर. क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेले रन वगळले तर नऊ इनिंगमागे संघ सरासरी ५.०४ रन देत होता. क्रेग ४.५१ आणि जॅक्सन ४.४० देत होते. दोघांनी प्रत्येकी सव्वादोनशेच्या वर इनिंग टाकल्या. आणि त्यांचा निकाल? क्रेग १० जिंकला, २४ हरला. जॅक्सन ८ जिंकला, २० हरला. सगळ्यात जास्त ओझं उचललं त्यांनी आणि सगळ्यात जास्त पराभव नावावर लागले तेही त्यांच्याच. जो जास्त काम करतो त्याच्या नावावर जास्त तक्रारी, हे तुमच्या वर्कशॉपमध्येही पाहिलं असेल.

क्रेगने ३३ सामने सुरू केले, आणि मधल्या दिवसांत आणखी ९ वेळा तो अर्ध्या सामन्यात धावून आला. सिम्युलेशनमध्ये हा मोह जबरदस्त असतो. सामना हातातून निसटतोय, क्रेग बसलाय, बोलवा त्याला! पण थकव्याचा नियम चालू असेल तर थकलेल्या पिचरच्या कार्डावरचे निकाल बिघडतात आणि तुमचा ४.५१ वाला माणूस सहा-सातचा होतो. एक सामना वाचवायला जाता आणि पुढचे दोन घालवता. म्हणून पाचव्या इनिंगला आठ रनने मागे असाल तर सगळ्यात कच्च्या पिचरला उभं करा, टाकू दे त्याला शेवटपर्यंत. तो सामना गेलेला आहे. गेलेल्या ऑर्डरमागे चांगला माणूस पाठवायचा नाही.

क्रेगचं पुढे काय झालं ते ऐका. १९६३ मध्ये मेट्सकडून तो ५ जिंकला आणि २२ हरला. मग तो सेंट लुईसला गेला आणि १९६४ च्या वर्ल्ड सिरीजमधला चौथा सामना त्याच्याच नावावर जिंकला गेला. अशी माणसं आपण 'याच्याच हाताला यश नाही' म्हणून सोडून देतो.

तुम्ही एकच वर्ष खेळणार की पुढची वर्षंही, हे आधी ठरवा. एकच वर्ष असेल तर हॉजेस, अ‍ॅशबर्न यांना पूर्ण वापरा. अनेक वर्षांची लीग असेल तर गणित बदलतं. १९६२ च्या मेट्समध्ये एड क्रेनपूल नावाचा १७ वर्षांचा पोरगा होता, तीनच सामने खेळलेला. प्रत्यक्षात मेट्स १९६३ ला ५१ जिंकले, १९६४ ला ५३, आणि १९६९ ला १०० जिंकून वर्ल्ड सिरीज घेतली. तेव्हा क्रेनपूल संघात होता आणि मॅनेजर होता तो गुडघेदुखीवाला हॉजेस. आणि हो, त्या ४०-१२० च्या वर्षीही ९ लाखांहून जास्त प्रेक्षक तिकीट काढून मैदानात आले होते. गिऱ्हाईक कशासाठी येतं हा वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू.

आता घरचा अभ्यास. २० सामने खेळा, पण वहीत विजय-पराभव लिहू नका. केलेले रन आणि दिलेले रन एवढेच दोन रकाने ठेवा. शेवटी वरचं सूत्र लावा आणि ०.३० शी ताडून पाहा. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक सामन्यानंतर क्रेग आणि जॅक्सनला किती दिवस विश्रांती मिळाली ते लिहा. वही घेऊनच पुढच्या व्हिडिओला बसा. त्यात आपण याच मेट्सचा बॅटिंगचा क्रम लावणार आहोत, आणि थॉमसला तिसरं ठेवायचं की चौथं यावर माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाहीये.