गुलाबावरचा मावा आणि त्याला खाणारे पाहुणे

इंदूरच्या आपल्या घरांत गच्चीवर चार कुंड्या असल्या, तर त्यांतली एक बहुधा गुलाबाची असते. पावसाळा सरला की ऑक्टोबरात छाटणी, मग साधारण सहा-सात आठवड्यांत कळ्या. पण थंडीत कोवळ्या शेंड्यांवर हिरवट मावाही येतो. पानं आकसतात, कळ्या चिकट होतात आणि आपण विषारी औषधाची बाटली शोधू लागतो.

जरा थांबा. हेच फूल देवाला वाहायचं असतं, याच पाकळ्यांचा गुलकंद मुलं खातात. शिवाय कडक औषधाने माव्याबरोबर त्याला खाणारे किडेही मरतात. लाल कोळ्याचे शत्रूही त्यातच जातात आणि उन्हाळ्यात हा कोळी पानांखाली जाळी विणून झाड पिवळं पाडतो.

माव्यावर ताव मारणारा म्हणजे ढालकिडा, मुलांच्या पुस्तकातला लाल, काळ्या ठिपक्यांचा लेडीबग. त्याला सगळे ओळखतात, पण त्याची अळी कुणालाच ठाऊक नसते! काळपट, लांबुळकी, अंगावर नारिंगी डाग, जणू इवलीशी सुसर. दिसायला भयंकर, म्हणून नेमकी तीच चिरडली जाते. खरं तर मावा फस्त करण्यात ती मोठ्या किड्याला हार जात नाही. ती दिसली की त्या फांदीला हात लावू नका.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त हवा. मावा गोड रस सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. कुंडी विटांच्या तुकड्यांवर, पाणी भरलेल्या ताटात ठेवा. भिंतीला टेकू देऊ नका. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डासच पाळाल.

थोडा मावा असेल तर सकाळी पाण्याची जोरदार धार पुरते. जास्त असेल तर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब. आधी एकाच फांदीवर मारून पाहा. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा आणि आठवड्याने पुन्हा.

गुलकंदासाठी सुगंधी गावठी गुलाबच लावा. नर्सरीतून आणलेल्या झाडाचा पहिला बहर मात्र खाण्यात घेऊ नका. तिथे त्यावर काय फवारलं होतं, कोण जाणे.